‘सर, माह्यात आता काई राह्यलं नाई’

पन्नाशीतले पुरुष माझ्याकडे बहुतेक झोपेची तक्रार घेऊन येतात. मनातलं बाहेर पडतं ते निघताना, दाराशी उभं राहून: इच्छा होत नाही, जमत नाही, हे वयाचंच आहे ना?

यवतमाळ जिल्ह्यातले एक कापूस उत्पादक शेतकरी, वय 52 (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत), असेच दाराशी थांबले. “सर, माह्यात आता काई राह्यलं नाई. वरसभरात असं झालं. बायको काई बोलली का डोस्कंच फिरते.” आठवडी बाजारातून त्यांनी ताकदीच्या पुड्या आणल्या होत्या. खाजगी लॅबमध्ये दुपारी जेवून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरकही तपासलं होतं. ते थोडं कमी आलं आणि भाऊंनी धसका घेतला.

मी त्यांना परत बसवलं. माझं लक्ष ‘वरसभरात’ या शब्दावर होतं. बाईची पाळी जाते तेव्हा संप्रेरकं काही वर्षांतच खाली येतात. पुरुषाचं तसं नसतं. टेस्टोस्टेरॉन तिशी-चाळिशीनंतर वर्षाला साधारण 1 टक्क्याने उतरतं, आणि कित्येकांना सत्तरीतही ते पुरेसं असतं. वर्षभरात माणूस एवढा बदलला, तर वयाच्या नावावर खपवण्याआधी दुसरं कारण शोधायला हवं.

विचारत गेलो. रात्री तीन-चारदा लघवीला उठतात, तहान फार लागते, घोरतात, दिवसभर तोंडात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण), वर सोसायटीचं कर्ज. “जगणं नको वाटते का, भाऊ?” हेही स्पष्ट विचारलं. अशा प्रत्येकाला मी ते विचारतोच. नाही म्हणाले. तरी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर लिहून दिला.

ग्रामीण रुग्णालयात तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 9.4 टक्के निघाली, म्हणजे मधुमेह. इथे मला कळकळीने सांगावंसं वाटतं: ताठरता जाणं ही पुष्कळदा रक्तवाहिन्यांची तक्रार असते. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, म्हणून साखर, बीपी आणि तंबाखूचा मार तिथे आधी दिसतो. लाजेपायी हे लपवणारा माणूस हृदयविकाराची पूर्वसूचनाही लपवत असतो. वाढलेलं पोट, मधुमेह आणि मोडकी झोप टेस्टोस्टेरॉनही खाली ओढतात. ते तपासायचं तर सकाळी 7 ते 10 मध्ये, उपाशीपोटी. कमी आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा. भाऊंचं सकाळचं मोजमाप सामान्य मर्यादेत, खालच्या टोकाला आलं. डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं नाही, ते योग्यच झालं. त्याने रक्त दाट होऊ शकतं, शुक्राणू घटतात, प्रोस्टेटवरही लक्ष ठेवावं लागतं. लक्षणं असतील आणि दोन्ही अहवाल कमी असतील, तरच त्याचा विचार होतो.

पुड्या मात्र त्याच दिवशी बंद करायला लावल्या. असल्या औषधांत सिल्डेनाफिल (ताठरतेसाठीचं, व्हायग्रातलं औषध) गुपचूप मिसळलेलं सापडलं आहे. हृदयासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याचा रक्तदाब त्याने एकदम कोसळतो, जीवही जाऊ शकतो.

पुढच्या वेळी वहिनी सोबत आल्या. भाऊ वर्षभर ओसरीत बाज टाकून झोपत होते. “मले वाटलं, यायचं माह्यावरचं मन उडालं,” त्या म्हणाल्या. त्यांची पाळी नुकतीच गेली होती, संबंधाच्या वेळी दुखायचं, आणि ते त्यांनीही कधी बोलून दाखवलं नव्हतं. भाऊ ऐकतच राहिले. खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासात मला फार काही बोलावं लागलं नाही. वहिनींना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

काही महिन्यांनी साखर 7.1 वर आली. बाज घरात गेली. इच्छा परतली आहे, ताठरता कधी येते, कधी नाही. डॉक्टरांची गोळी चालू आहे. खर्रा सुटलेला नाही, दिवसाला दोनवर आलाय, आणि त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.