सहाशे इंद्रजाल आणि एक मुदत ठेव

ठाण्याच्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४९. कासारवडवलीला राहतो, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत नोकरी. बायको शिक्षिका. घराचा हप्ता ३८,००० रुपये, अजून नऊ वर्षं आहे. मुलगा दहावीत. हाताशी ७ लाखांची मुदत ठेव, बाकी जे आहे ते पीएफमध्ये. नौपाड्यात आमच्या ओळखीचे ७८ वर्षांचे एक काका आहेत. त्यांच्याकडे दोन ट्रंका भरून ६०० इंद्रजाल कॉमिक्स आहेत, बहुतेक मराठी, थोडी इंग्रजी. दिवाळीनंतर घर विकून ते मुलाकडे पुण्याला जाणार, आणि मुलाला ट्रंका नको आहेत. सगळा संच ५ लाख ४० हजारांना द्यायला तयार आहेत, सुटे अंक देणार नाहीत. ऑनलाइन एकेका अंकाला दोन-अडीच हजार मागतात. अमेरिकेत तर सुपरमॅनचा जुना अंक नव्वद लाख डॉलरला गेला. ठेव मोडून घेऊ का? अडीच-तीन वर्षांनी मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी विकता येतील.

नमस्कार. उत्तर आधी सांगते आणि मग कारणं, कारण तुमच्याकडे वेळ कमी आहे. ठेव मोडू नका. पण काकांच्या घरी जरूर जा, आणि त्या ट्रंकेतलं थोडंसं घरी आणण्याचा मार्ग शोधा. तो मार्ग आहे.

मी हे कोरडेपणाने लिहीत नाही. माझं बालपण ठाण्यातच गेलं. स्टेशनजवळ एका अरुंद वाचनालयात दोरीवर चिमटे लावून कॉमिक्स टांगलेली असायची. रोजचं भाडं पंचवीस पैसे. नवा वेताळ, म्हणजे इंद्रजालमधला फँटम, आला की माझा भाऊ आणि मी चालता चालता एकत्रच वाचायचो, घरी पोचेपर्यंत अंक संपलेला असायचा. त्यामुळे त्या ट्रंकेचं झाकण उघडल्यावर तुमचं काय झालं असेल याची मला पुरेपूर कल्पना आहे. नेमकं त्याच क्षणी किंमत ठरवणं अवघड जातं.

सुपरमॅनचं आधी बघू, कारण तुमच्या हिशोबाचा पाया तोच दिसतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये १९३९ सालचा सुपरमॅनचा पहिला अंक ९१ लाख २० हजार डॉलरला विकला गेला, हे खरं आहे. उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका घराच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांखाली, आई गेल्यावर मुलांना तो सापडला. पण तो अंक इतका महाग का, ते बघा. त्या काळात दहा सेंटची ही पुस्तकं मुलं वाचून फेकून देत, आणि दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांमध्ये तर ढिगांनी गेली. उरल्या त्या मोजक्या प्रती. त्यातही हा अंक जवळजवळ नव्यासारखा राहिला होता, आणि तिथल्या थंड हवेमुळेच तो टिकला असं लिलाव करणाऱ्यांनीच सांगितलं. शिवाय सुपरमॅनवर आजही सिनेमे निघतात, म्हणजे त्याचा चाहतावर्ग दर पिढीत नव्याने तयार होतो.

त्याच अमेरिकेत याच्या उलट गोष्टही घडली आहे आणि तुमच्यासाठी तीच जास्त कामाची आहे. १९९१ मध्ये एक्स-मेनच्या नव्या मालिकेच्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून जास्त प्रती खपल्या. १९९२ च्या शेवटी सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात आला आणि लोकांनी पाच-पाच, दहा-दहा प्रती घेऊन न फोडता कपाटात ठेवल्या. पोरांच्या कॉलेजची सोय झाली, असं म्हणत ठेवल्या. सगळ्यांनीच जपून ठेवल्यामुळे त्या दुर्मीळ झाल्याच नाहीत आणि आजही किरकोळ किमतीला मिळतात. बाजार इतका कोसळला की कॉमिक्सची दुकानं धडाधड बंद पडली, आणि १९९६ च्या डिसेंबरात एक्स-मेन छापणाऱ्या खुद्द मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे कोविडच्या दोन वर्षांत घरी बसलेल्या लोकांनी पुन्हा भाव चढवले. स्पायडरमॅन पहिल्यांदा ज्या अंकात आला त्याची एक उत्तम प्रत सप्टेंबर २०२१ मध्ये ३६ लाख डॉलरला गेली. २०२२ पासून मधल्या दर्जाच्या अंकांचे भाव बरेच उतरले. आज तिथे चित्र असं आहे की अगदी वरचे, हातावर मोजण्याइतके अंक विक्रम करतात, बातमी त्यांचीच होते, आणि बाकीचा बाजार संथ असतो. त्या बातमीवरून आपल्या ट्रंकेचा भाव काढता येत नाही.

आता इंद्रजाल. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये सुरू केलं, १९९० मध्ये बंद झालं. सुरुवातीला किंमत ६० पैसे. आधी मासिक, मग पाक्षिक आणि १९८० नंतर साप्ताहिक. या क्रमाकडे नीट लक्ष द्या. आठशेच्या वर अंक निघाले, पण त्यातला मोठा भाग साप्ताहिकाच्या काळातला आहे. म्हणून कोणी सहाशे अंक म्हणालं की मी पहिला प्रश्न विचारते: पहिल्या शंभरातले किती? १९६४ ते ६९ मधले पंचवीस-तीस चांगल्या अवस्थेत असतील तर संचाची खरी किंमत त्या तीसांतच आहे, उरलेले त्यांच्याबरोबर येणारे. आणि सगळे ऐंशीच्या दशकातले असतील तर अंकाला सरसकट ९०० रुपये हा भाव मला चढा वाटतो. तुमच्या पत्रात एकाही अंकाचा क्रमांक नाही.

दोन-अडीच हजारांबद्दल. तो मागितलेला भाव आहे. मी तुमच्या जागी असते तर गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष किती अंक विकले गेले आणि कितीला, एवढंच शोधलं असतं. काही ठिकाणी विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या बघता येतात. जो अंक दोन हजारांची चिठ्ठी लावून वर्षभर तसाच पडून आहे, त्याचा भाव दोन हजार नाही, त्याला भावच नाही.

चला, कागद-पेन्सिल घेऊ. ५ लाख ४० हजार ठेवीतच राहिले आणि साडेसहा टक्के धरले, तर तीन वर्षांनी साधारण ६ लाख ५२ हजार होतात. व्याजावरचा कर वेगळा. संच विकून तेवढेच उभे करायचे तर सगळेच्या सगळे ६०० अंक सरासरी ११०० ला जायला हवेत. पॅकिंग, कुरिअर, वेबसाइटचं कमिशन यांचे अंकामागे दीडशे धरा, म्हणजे साडेबाराशे. इथपर्यंत ते जमण्यासारखं वाटतं. पण एकगठ्ठा घेणारा मिळत नाही, मिळाला तर तो व्यापारी असतो आणि तुम्ही मोजलेत त्यापेक्षा कमीच देतो. सुटे विकायचे तर आठवड्याला दोन, हेसुद्धा नोकरी सांभाळून बरंच झालं. तीन वर्षांत ३१२ अंक. म्हणजे प्रवेशाची फी भरायच्या दिवशी २८८ अंक अजून ट्रंकेतच असतील, आणि गेलेले ३१२ तेवढे पैसे देणार असतील तर प्रत्येक अंक खर्चासकट सव्वादोन हजारांच्या आसपास जायला हवा होता. वर, आधी चांगले अंक जातात. मागे राहतात ते कोणी न उचललेले.

कॉलेजची फी तारीख बघून भरावी लागते. कॉमिक्सला गिऱ्हाईक त्याच्या सवडीने येतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गिऱ्हाइकाच्या वयाची. इंद्रजाल बंद झालं तेव्हा जो दहा वर्षांचा होता तो आज पंचेचाळिशीत आहे. वेताळाची कवटीची अंगठी बघून ज्याच्या पोटात गोड कालवतं, असा माणूस पंचेचाळीस ते सत्तरच्या मधलाच असतो. त्याच्यामागून नवी पिढी येत नाही. वाचायचंच असेल तर स्कॅन केलेले अंक फिरत असतात, त्यामुळे हा बाजार वाचकांचाही नाही, फक्त आठवणींचा आहे. तुम्हीच लिहिलंय की काकांच्या मुलाला ट्रंका नको आहेत. त्या वाक्यावर जरा थांबा. पंधरा वर्षांनी ट्रंका विकायला तुम्ही निघाल तेव्हा तुमचा मुलगा तिशीत असेल. त्याच्या वयाचं कोण ‘वेताळ’ म्हटल्यावर खिशात हात घालेल? काही मोजके सुरुवातीचे अंक संग्रहालयासारखं मोल धरून राहतील, याबद्दल मला शंका नाही. मराठी आवृत्त्या तर इंग्रजीपेक्षा कमी जपल्या गेल्या असाव्यात असं मला वाटतं, कारण आपल्या घरांत त्या पोरांनी वाचून वाचून संपवल्या आणि आयांनी रद्दीत घातल्या. पण सहाशेच्या सहाशे वाढतील असं धरणं मला पटत नाही.

दुसरी गोष्ट हवेची. इंद्रजाल स्वस्त वर्तमानपत्री कागदावर छापलेलं असायचं. हा कागद आपोआप पिवळा पडतो, मग तपकिरी, मग दुमडला की तुटतो. त्यात आपली खाडीकाठची हवा. जुलैत चपलांवरसुद्धा बुरशी येते तिथे कागदाचं काय. २६ जुलै २००५ ला आमच्या तळमजल्यावरच्या घरात गुडघाभर पाणी आलं. पलंगाखालच्या पेटीत माझे चांदोबा होते, वडिलांनी वर्षावार शिवून घेतलेले. दुसऱ्या दिवशी उघडले तर एकेक वर्षाची वीट झाली होती. पानं सुटेनात. ती मी पंख्याखाली चार दिवस ठेवली आणि मग स्वतःच्या हाताने टाकली. घराच्या विम्यात असा संग्रह वेगळा जाहीर करून, किंमत मान्य करून घेतल्याशिवाय भरपाई मिळेल असं समजू नका.

अमेरिकेत २००० सालापासून सीजीसीसारखी कंपनी अंक तपासून दहापैकी गुण देते आणि प्लॅस्टिकच्या डबीत बंद करते, म्हणून अनोळखी माणूस फोटो बघून पैसे मोजतो. आपल्याकडे सगळ्यांनी मानावी अशी व्यवस्था नाही. तुमच्या अंकाची अवस्था ‘चांगली’ हे तुम्ही म्हणणार, घेणारा ‘ठीक’ म्हणणार, आणि भाव तिथेच निम्मा होणार.

आणि तुमच्या घराचं. दोघांचे पगार चालू आहेत तोवर ३८,००० चा हप्ता जातो. पण ७ लाख हीच तुमची एकमेव हाताशी असलेली रक्कम आहे. एखाद्याची नोकरी सहा महिने गेली तर हप्त्यालाच सव्वादोन लाख लागतील, घरखर्च वेगळा. ठेव मोडली की बँका सहसा अर्धा ते एक टक्का कापतात, तो तोटा किरकोळ आहे. खरा धोका असा की त्यानंतर तुमच्याकडे रोख म्हणून एक लाख साठ हजार उरतील आणि संपत्ती म्हणून दोन ट्रंका. ठेवीवर कर्ज काढून घेतो, असंही मनात आलं असेल. तेही नको. विषय निघालाच आहे म्हणून सांगते, हे ७ लाख एकाच बँकेत असतील तर व्याजासकट ५ लाखांपर्यंतच ठेव विमा असतो. ठेव नूतनीकरणाला आली की दोन बँकांत करा.

मग करायचं काय? वर्षाला तुम्ही दोघं मिळून सहलीला, हॉटेलला, हौसेला किती घालवता ते बघा. त्यातून चाळीस हजार बाजूला काढता येत असतील तर तेवढ्यांचे अंक घ्या, आणि ते विकायचे नाहीत असं धरूनच घ्या. काका सुटे देत नाहीत म्हणता. त्यांची अडचण मला कळते, चांगले निवडून नेले तर राहिलेले कोण घेणार. म्हणून त्यांना वेगळा प्रस्ताव द्या. तुमच्यासारखे आणखी चार-पाच जण जमवा. नौपाडा, डोंबिवली, वाशी, नेरूळ, या पट्ट्यात असे लोक नक्की मिळतील, तुमच्या ऑफिसातच दोन निघतील. यादी करायचं काम तुम्ही अंगावर घ्या: क्रमांक, भाषा, अवस्था, प्रत्येकाचा फोटो. दोन रविवार जातील. त्या यादीवरून सगळ्यांनी मिळून संच उचलायचा, सुरुवातीच्या अंकांना जास्त, नंतरच्यांना कमी. त्यात काकांना कदाचित ५ लाख ४० हजार मिळणार नाहीत, पण व्यापाऱ्यापेक्षा जास्त मिळतील आणि त्यांना हिशोब डोळ्यांसमोर दिसेल. त्यांना अंधारात ठेवून एखादा दुर्मीळ अंक तीनशेला काढून घेऊ नका. यादीत सापडला तर त्यांना सांगा.

अंक बघताना कव्हरला भुलू नका. मधल्या पानावर उघडा आणि दोन्ही पिना बघा. गंजलेल्या असतील तर भोवती तपकिरी डाग पडून मधलं जोडपान सुटलेलं असतं, पुष्कळदा हरवलेलंही. पानं मोजा. वाचनालयाचा शिक्का, पेनाने लिहिलेलं नाव, सोडवलेली कोडी बघा. मला असे अंक आवडतात, पण विकताना भाव पडतो. कडेला बारीक नागमोडी कुरतडल्यासारखं दिसलं तर ती कसर आहे, ते अंक घरातल्या बाकीच्या पुस्तकांजवळ न्यायचे नाहीत. बाइंडिंग केलेले असतील तर कडा कापल्या गेल्या आहेत का ते पाहा.

काकांना तुमचा नकार मात्र लगेच कळवा, यादी होईपर्यंत थांबू नका. ते तुमच्या भरवशावर दुसऱ्या कोणाशी बोलत नसतील, आणि त्यांना दिवाळीनंतर घर रिकामं करून द्यायचं आहे. फोनवर नको. समोर बसून सांगा की एकट्याला झेपत नाही, आणि त्याच बैठकीत यादीची वही उघडा.