सासऱ्यांची बीपी-शुगरची औषधं कुठून घेतली तर स्वस्त पडतील?

कोपऱ्यावरच्या मेडिकलपेक्षा ऑनलाइन औषधं स्वस्त दिसतात, मग घ्यायची कुठून, असं तुम्ही विचारलंय. आईच्या औषधांसाठी मी सहा वर्षं दर महिन्याला हाच हिशोब करतेय, म्हणून लिहिते.

एकाच कंपनीच्या एकाच गोळीवरची एमआरपी दुकान बदललं म्हणून बदलत नाही. बदलते ती सवलत. कुणी १० टक्के सोडतं, कुणी २०, आणि ऑनलाइनवाले वर घरपोच आणण्याचे पैसे लावतात. खरी तफावत कंपन्या-कंपन्यांत आहे. बीपीचं तेच टेल्मिसार्टन ४०, पण एका कंपनीची गोळी दुसरीच्या दुप्पट भावाची असू शकते. त्यामुळे आधी पट्टीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम वहीत उतरवून घ्या. भाव गोळीमागे काढा, कारण कुणाची पट्टी १० ची असते, कुणाची १५ ची. सरकारचं ‘फार्मा सही दाम’ हे ॲप आहे, त्यात ब्रँडचं नाव टाकलं की त्याच औषधाचे इतर ब्रँड आणि त्यांचे भाव दिसतात.

माझं सगळ्यात जास्त बिल कमी झालं ते जनऔषधी केंद्रामुळे. तिथली औषधं ब्रँडपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त असल्याचं सरकार सांगतं, आणि प्रत्येक बॅच प्रयोगशाळेत तपासूनच दुकानात येते. अडचण एवढीच की कधीकधी माल संपलेला असतो, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली प्रत्येक गोळी तिथे मिळतेच असं नाही. मी औषध संपायच्या आठवडाभर आधीच जाते.

एका चुकीबद्दल मात्र जरूर सांगते. आईला शुगरची मेटफॉर्मिन ५०० एसआर होती, एका दुकानातून मला साधी ५०० दिली गेली. नाव तेच, आकडा तोच, म्हणून मीही घेऊन आले. एसआर गोळी पोटात हळूहळू विरघळते, साधी लगेच. आईनेच घरी पट्टी पाहून ओळखलं. एसआर, एक्सआर, ईआर ही शेपटं जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.

थायरॉइडची किंवा फिटची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलू नका. बाकीच्या औषधांसाठीही पुढच्या भेटीत डॉक्टरांना चिठ्ठीवर मूळ नाव लिहून द्यायला सांगा, कारण चिठ्ठीवर ब्रँड असेल तर दुकानदाराने परस्पर दुसरा देणं नियमात बसत नाही. आणि नव्या कंपनीची गोळी पहिल्यांदा दहा-पंधरा दिवसांचीच घ्या, तेवढे दिवस सासऱ्यांचं बीपी घरी मोजून वहीत लिहा.