फेकोतला मसूर

दापोलीच्या एका ताईंनी विचारलंय: सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी डॉक्टरांनी 'बिनटाक्याचं' आणि 'फेको' असे दोन पर्याय सांगितले. दोन्हींत फरक काय? आणि 'फेको' हा शब्द 'फेकणे'वरून आलाय का?

नाही हो. फेकण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. आणि 'लेझरनं मोतीबिंदू काढला' हेही आता थांबवा. गुहागर ते सावंतवाडी, कुठल्याही एसटीत बसा, तेच कानावर पडतं. फेकोत काम करतात त्या ध्वनिलहरी, आपल्याला ऐकू न येणाऱ्या. थरथरणारी पोकळ सुई आत घालून गढूळ झालेलं भिंग फोडतात आणि चुरा तिथल्या तिथे शोषून घेतात. न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांना ही युक्ती दातांच्या डॉक्टरकडे सुचली, दात साफ करायच्या यंत्रावरून. १९६७ साली त्यांनी ती पहिल्यांदा माणसावर वापरली.

पण खरी गंमत शब्दात आहे. ग्रीक 'फाकोस' म्हणजे मसूर! डोळ्यातलं भिंग दिसतं मसुरासारखं, म्हणून ते नाव, आणि त्यातूनच हा फेको. बरं, 'लेन्स'? लॅटिनमध्ये 'लेन्स' म्हणजे पुन्हा मसूरच. आता सुश्रुत काढा, आयुर्वेदातले प्राचीन शल्यवैद्य. त्यांच्या संहितेच्या उत्तरतंत्र या भागात दृष्टीचं वर्णन आहे, 'मसूरदलमात्रां तु पञ्चभूतप्रसादजाम्'. मसुराच्या डाळीएवढी! उसळीला भिजवायच्या आधी एक अख्खा मसूर चिमटीत धरून बघा: दोन्ही अंगांनी फुगीर, कडेला पातळ. तीन भाषांना एकच कडधान्य आठवलं ते उगाच नाही.

इथे 'दृष्टी' म्हणजे नुसती बाहुली, असा अर्थ लावणारे विद्वान आहेत. मला तो साफ अमान्य आहे. बाहुली म्हणजे भोक. भोकाला डाळीची उपमा कोण देईल? शिवाय पुढच्याच ओळीत ती काजव्यासारखी, ठिणगीसारखी चमकते असं म्हटलंय. भोक चमकतं का? आणि ग्रीकांनी ही उपमा आपल्याकडूनच उचलली, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी आधी पुरावा द्यावा. मसूर त्यांच्याही चुलीवर शिजत होता, तेवढं कारण पुरेसं आहे. मराठीत भिंगाला 'मसूरिका' म्हणायला मला फार आवडलं असतं, पण आयुर्वेदानं ते नाव देवीच्या रोगाला कधीच देऊन टाकलंय.

हां, सासूबाई. 'बिनटाक्याचं' हे नावच फसवं आहे, कारण फेकोतही सहसा टाका लागत नाही. आपल्याकडे ज्याला बिनटाक्याचं म्हणतात त्यात चीर साधारण ६-७ मिलिमीटरची, डोळ्याच्या पांढऱ्या भागात तिरक्या बोगद्यासारखी. म्हणून ती आपोआप मिटते. भिंगाचा कडक गाभा अख्खाच बाहेर काढतात. फेकोत चीर ३ मिलिमीटरहून कमी, आणि घडी घातलेलं कृत्रिम भिंग आत गेल्यावर उलगडतं. मोतीबिंदू फार पिकून कडक झाला असेल तर पुष्कळ डॉक्टर पहिलीच पद्धत पसंत करतात, तेव्हा तिला कमी लेखू नका. डॉक्टरांना 'टाके पडतील का?' असं न विचारता 'चीर केवढी, आणि भिंग घडीचं का?' असं विचारा.