रोलर टाकलं की झालं?

प्रश्न : साकीनाक्याला आमचं छोटं वर्कशॉप आहे. पट्ट्यावर चालणाऱ्या शाफ्टचं पुलीकडचं ६२०५ नंबरचं बॉल बेअरिंग काही महिन्यांतच जातं. नागदेवी स्ट्रीटवरचा दुकानदार म्हणतो, त्याच मापाचं एनयू २०५ रोलर बेअरिंग टाका. टाकू का?

उत्तर : आधी पट्टा बघा. आमचे फिटर लोक तो तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणतात आणि दोष बेअरिंगला देतात. भार दुप्पट झाला की बॉल बेअरिंगचं हिशेबी आयुष्य आठव्या हिश्शावर येतं. ताण योग्य असूनही बेअरिंग जात असेल, तर दुकानदाराचा सल्ला चुकीचा नाही. माप तंतोतंत तेच आहे: आतला व्यास २५, बाहेरचा ५२, रुंदी १५ मिलिमीटर. बॉल रेसला, म्हणजे रिंगवरच्या त्याच्या धावपट्टीला, जेमतेम ठिपक्याएवढ्या जागी टेकतो, तर रोलर अख्ख्या लांबीभर. म्हणून ६२०५ ची भारक्षमता सुमारे १४ किलोन्यूटन, तर एनयू २०५ ची साधारण दुप्पट.

मात्र दुसऱ्या टोकाचं ६२०५ काढू नका. एनयूच्या आतल्या रिंगला कडा नसतात, त्यामुळे शाफ्ट लांबीच्या दिशेने सरकायला मोकळा असतो. दोन्हीकडे एनयू बसवलंत तर त्याला धरणार कोण? पलीकडचं बॉल बेअरिंगच ते काम करतं. ते हाउसिंगमध्ये, म्हणजे बेअरिंग बसतं त्या घरात, दोन्ही बाजूंनी नीट अडकवलेलं हवं. शाफ्टची लाइनही तपासा. ती जरा वाकडी असली तरी रोलरच्या एकाच कडेवर सगळा भार येतो आणि मग एनयू ६२०५ पेक्षा आधी जाऊ शकतं.

प्रश्न : पंपाला कपलिंगने (दोन शाफ्ट टोकाला टोक जोडणाऱ्या जोडाने) थेट जोडलेली मोटर आहे. मजबुतीसाठी पंपाकडच्या बाजूला बॉलऐवजी रोलर टाकलं, तर खरखर सुरू झाली. बेअरिंग डुप्लिकेट असेल का?

उत्तर : नकली माल बाजारात आहेच, पण इथे मला शंका वेगळीच येते. रोलरला नीट फिरायला थोडा तरी भार लागतो. ढोबळ नियम असा, की क्षमतेच्या २ टक्के तरी हवा. पट्टा शाफ्टला सतत बाजूला ओढतो, कपलिंग ओढत नाही. बेअरिंगच्या अंगावर फक्त रोटरचं, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाचं वजन, तेही निम्मं. मग रोलर फिरण्याऐवजी घसरतात आणि रेस खरवडते. मूळ नंबरचं बॉल बेअरिंग परत बसवा. पट्ट्याची मोटर असती तर रोलर शोभलं असतं.

प्रश्न : घरचा पंखा घरघरतो. रोलर बेअरिंग बसेल का?

उत्तर : नको. पंख्यात ६२०२, ६२०१ अशी छोटी बॉल बेअरिंगं असतात आणि ती पुरतात. दोन्ही बाजूंनी झाकलेलं, झेडझेड लिहिलेलं घ्या. शाफ्टवर बसवताना पाइपचा तुकडा आतल्या रिंगवरच टेकवून ठोका. बाहेरच्या रिंगवर ठोकलंत तर घाव बॉलमधून जातो आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवसापासून वाजतं.

प्रश्न : टेम्पोच्या पुढच्या चाकाचं टेपर रोलर बदललं. मेकॅनिकने नट करकचून आवळला, हब तापतोय.

उत्तर : तापणारच. टेपर रोलर उभा आणि बाजूचा, दोन्ही भार घेतं, म्हणून वळणं घेणाऱ्या चाकाला ते योग्य. पण समोरासमोरच्या जोडीतली फट नटानेच ठरते आणि करकचून आवळल्यावर ती उरतच नाही. गाडी तशीच चालवू नका. चाक उचलून नट सैल करा आणि कंपनीच्या मॅन्युअलमधल्या मापाने पुन्हा लावून घ्या. कोन (रोलरसकट आतली रिंग) नवा आणि कप (बाहेरची रिंग) जुना ठेवला असेल, तर कपही बदला.