कोडिंगविना चॅटबॉट: आधी कागदपत्रे नीट करा

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणलेल्या 'जीपीटी' सुविधेत कोडची एक ओळही न लिहिता स्वतःचा चॅटबॉट तयार करता येतो. मात्र त्याचे नाव आणि चित्र ठरवत बसण्याआधी तुम्ही त्याला देणार असलेली कागदपत्रे तपासा, कारण उदाहरणार्थ गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींची तिरकी, पुसट स्कॅन केलेली पाने दिली, तर तो चुकीचे उत्तरही ठामपणे देतो. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांवर सारखाच वाचला जाणाऱ्या अक्षरपद्धतीत असावा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली मराठी (हे आपले जुनेच दुखणे) त्याला निरर्थक अक्षरे वाटते. चॅटबॉटला द्यायच्या सूचनांमध्ये 'उत्तर फाइलमध्ये नसेल तर तसे सांग, अंदाज करू नकोस' हे अवश्य लिहा. सभासदांचे फोन क्रमांक असलेली फाइल मात्र कधीही चढवू नका, कारण खोदून विचारणाऱ्याला तिच्यातला मजकूर बाहेर काढता येतो.