पल्ल्याच्या सायकलस्वारीतील वाट : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेविषयी लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतली निम्म्याहून अधिक वाटेविषयी आहेत आणि याचे मला नवल वाटले नाही. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ब्रेव्हे ही शर्यत नसते. संयोजकांनी आखून दिलेल्या मार्गाने, ठरलेल्या ठिकाणी म्हणजे कंट्रोलवर ब्रेव्हे कार्डात नोंद करून घेत, ठरलेल्या वेळेत अंतर पुरे करायचे असते : २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. रस्ता इतर वाहनांसाठी बंद नसतो, चौकाचौकांत झेंडा घेऊन कोणी उभे नसते, आणि वाट शोधणे हा त्या कसोटीचाच भाग मानलेला आहे.

प्रश्न : संयोजकांकडून क्यू शीट नावाचा कागद आणि जीपीएक्स फाइल अशा दोन गोष्टी मिळतात. मोबाइल वाट दाखवत असताना कागद कशासाठी? शिवाय मागच्या वेळी मोबाइलने मला भलत्याच रस्त्याने नेले, ते का झाले असावे? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. जीपीएक्स फाइलमध्ये मार्ग दोन प्रकारे साठवलेला असू शकतो. ‘ट्रॅक’ म्हणजे रस्त्यावरच्या शेकडो-हजारो बिंदूंची माळ. ती नकाशावर जशीच्या तशी रेघ म्हणून उमटते. ‘रूट’ म्हणजे मोजकेच बिंदू. त्यांच्यामधला रस्ता यंत्र आपल्या अकलेने जोडते. आपण मोबाइलच्या नेहमीच्या नकाशात नुसती कंट्रोलची गावे भरली असतील, तर मधला रस्ता त्यानेच ठरवला, आणि तो ठरवताना त्याच्यापुढे बहुधा मोटार असते. संयोजकांनी निपाणीहून चिकोडी, हुक्केरी असा फेरा घालून परत आणायचे ठरवलेले असले, तरी असा नकाशा आपल्याला सरळ पुणे-बंगळूर महामार्गावर घालील. तेव्हा ट्रॅकची रेघ मुकाट्याने दाखवणारे ॲप वापरावे (ऑसमॲंड किंवा राइड विथ जीपीएस चालेल) आणि वाट चुकल्यावर आपोआप नवा मार्ग काढण्याची सोय आठवणीने बंद करावी. ती सोय मोटारवाल्यांच्या कामाची आहे. ब्रेव्हेत मार्ग जिथे सुटला त्याच जागी परत येऊन पुढे जायचे असते. यंत्र मात्र आपल्याला परस्पर पुढच्या बिंदूला नेऊ पाहते. तसे गेल्यास मधला एखादा कंट्रोल चुकतो. तो आधी जाहीर न केलेला गुप्त कंट्रोल असेल, तर चुकल्याचे आपल्याला कळतसुद्धा नाही.

आता कागद. क्यू शीटच्या प्रत्येक ओळीत आरंभापासूनचे अंतर, मागच्या वळणापासूनचे अंतर, वळण कुठल्या बाजूला आणि जागेची खूण एवढे असते. समजा, ‘८७.४, मागून ६.२, तिठ्यावर उजवीकडे, डाव्या हाताला मारुतीचे देऊळ’ अशी ओळ आहे. पडद्यावरची रेघ आपण आत्ता कुठे आहोत ते सांगते. या ओळीने मात्र पुढचे सहा किलोमीटर काही विचार करायचा नाही आणि त्यानंतर देवळाकडे नजर ठेवायची, हे आधीच कळते. रात्री दोन वाजता, डोके जड झालेले असताना, हा फरक फार मोठा असतो. कागद दुमडून पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि हँडलबारवर कपड्यांच्या चिमट्याने लावावा. त्यासाठी महागडा धारक घेण्याची गरज मला आजवर वाटलेली नाही.

कागदावर विसंबायचे तर सायकलचा मीटर बरोबर असला पाहिजे, आणि इथे पुष्कळ जण गाफील राहतात. तारेचा किंवा चुंबकाचा मीटर चाकाचे फेरे मोजतो आणि त्यांना चाकाच्या परिघाने गुणतो. ७०० बाय २५ च्या टायरचा परीघ साधारण २१०५ मिलिमीटर धरतात, ७०० बाय २८ चा २१३६. टायर बदलला आणि मीटरमधला आकडा जुनाच ठेवला, तर शंभर किलोमीटरमागे सुमारे दीड किलोमीटरची तफावत पडते. दीड किलोमीटरच्या पट्ट्यात आपल्याकडे तीन फाटे येऊ शकतात. परीघ मोजायला सोपा आहे : हवा नेहमीइतकी भरावी, टायरवर खडूची खूण करावी, सायकलवर बसून एक फेरा पुढे जावे आणि जमिनीवर उमटलेल्या दोन खुणांमधले अंतर टेपने मोजावे.

प्रश्न : आमच्या फेरीचा मार्ग बेळगाव, खानापूर, जांबोटी, कणकुंबी आणि परत जांबोटीवरून बेळगाव असा आहे. तिकडे मोबाइलला रेंज नसते. मग यंत्राचा उपयोग काय? (एक वाचक, टिळकवाडी)

उत्तर : रेंज नसणे आणि जीपीएस नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीपीएस उपग्रहांकडून संकेत घेते. त्याला मोबाइलच्या मनोऱ्याची गरज नसते. रेंज लागते ती नकाशाचे चित्र उतरवून घ्यायला. म्हणून आदल्या रात्री घरीच खानापूर आणि चंदगड तालुक्यांचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवावा. दाट झाडीखाली आपली खूण रेघेपासून काही मीटर बाजूला सरकलेली दिसते. त्याने घाबरून जाऊ नये, झाडी विरळ झाली की ती पुन्हा जागेवर येते.

या मार्गातली खरी अडचण जांबोटीला आहे. बेळगावहून येणारा आणि खानापूरहून येणारा असे दोन्ही रस्ते तिथे मिळून पुढे कणकुंबीकडे आणि चोर्ल्याकडे जातात. जाताना आपण खानापूरच्या बाजूने येणार आणि मलप्रभेच्या उगमापाशी, कणकुंबीला जाऊन त्याच रस्त्याने मागे फिरणार. म्हणजे जांबोटी ते कणकुंबी हा तुकडा फाइलमध्ये दोनदा, एकावर एक आहे. काही यंत्रांना हे उमगत नाही. जवळचा बिंदू पाहून ती जातानाच समजतात की हा परतीला लागला आणि जांबोटीतच बेळगावचे वळण दाखवतात. किंवा उलट, परतताना पुन्हा खानापूरकडे बोट दाखवतात. यावर सोपा उपाय असा की, फाइलचे कणकुंबीला दोन तुकडे करावेत. जाताना एक उघडावा, कणकुंबीच्या कंट्रोलवर चहा घेताना तो बंद करून दुसरा लावावा. कागदावर मात्र जांबोटी दोन वेळा, दोन वेगवेगळ्या अंतरांवर लिहिलेली असते आणि तिथे गोंधळाला जागाच नसते.

पावसाळ्यात हीच फेरी असेल तर आणखी एक गोष्ट. तिकडचा पाऊस सांगायला नको. ओल्या पडद्याला बोटांचा स्पर्श कळत नाही आणि पाण्याच्या थेंबांनाच तो बोट समजून नकाशा भलतीकडे सरकवतो. अशा दिवशी मोबाइल खिशात आणि कागद समोर, असे करावे.

प्रश्न : मी जन्मापासून बेळगावात आहे. निपाणीपासून कित्तूरपर्यंतचे रस्ते मला पाठ आहेत. मलाही हे सगळे करावे लागेल का? (एक वाचक, शहापूर)

उत्तर : आपल्याला ते इतरांपेक्षा जास्त करावे लागेल, असे माझे मत आहे. परका माणूस प्रत्येक फाट्यावर थबकतो, कागद बघतो आणि मगच वळतो. आपले पाय मात्र सवयीच्या रस्त्याला वळतात. हिंडलग्यावरून शिनोळीच्या दिशेने निघालो की सुळगा, बाची ही नावे आपल्या डोक्यात आपोआप ओळीने येतात. संयोजकांनी मध्येच आतल्या गावाचा वळसा दिलेला असेल तर तो आपल्या लक्षातच येत नाही, आणि नेमका तिथेच गुप्त कंट्रोल असतो. शिवाय पाठ असलेले रस्ते बदलतही असतात. महामार्गाचे काम चालले की जुना चौक उड्डाणपुलाखाली जातो. मुख्य रस्ता आणि सेवा रस्ता इतके लगत असतात की आपण कुठल्या रस्त्यावर आहोत हे यंत्राला ओळखता येत नाही. पुलावर एकदा चढलात की खालचे वळण गेलेच. अशा ठिकाणी कागदावर ‘पुलाखालून’ असे लिहिलेले असेल तर त्या शब्दाखाली आदल्या दिवशीच लाल रेघ मारून ठेवावी.

प्रश्न : मी गडहिंग्लजहून येणार आहे. बेळगावकडच्या पाट्या कन्नडमध्ये असतात आणि मला ती लिपी येत नाही. (एक वाचक)

उत्तर : पुष्कळ मोठ्या पाट्यांवर इंग्रजी नावही असते, पण ते नाव आपल्या ओळखीचे असेलच असे नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकातील बारा शहरांची नावे अधिकृतपणे बदलली. पाटीवर बेळगावचे बेळगावी, विजापूरचे विजयपुर आणि हुबळीचे हुब्बळ्ळी असते. चिकोडीची चिक्कोडी आणि निपाणीची निप्पाणी होते. कागदावरच्या प्रत्येक कंट्रोलशेजारी तिथल्या पाटीवर दिसणारे नाव लिहून घ्यावे; दहा मिनिटांचे काम आहे. एकाच नावाची दोन गावे असतील तर तालुकाही लिहावा. हलकर्णी चंदगड तालुक्यात आहे तशी गडहिंग्लज तालुक्यातही आहे, आणि खानापूर म्हटले की काही मोबाइल सांगली जिल्ह्यातल्या खानापूरला निघतात.

पाटी नसेल तिथे किलोमीटरचा दगड पाहावा. डोके पिवळे असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवे असेल तर राज्य महामार्ग, आणि केशरी दिसू लागले की आपण गावरस्त्यावर उतरलो आहोत. मार्ग राज्य महामार्गाचा असताना केशरी दगड लागला तर सायकल तिथेच थांबवावी. काही दगडांच्या एका बाजूला कन्नड आकडे असतात. त्यांतला सात आपल्याला इंग्रजीतल्या दोनसारखा वाटतो. दुसरी बाजू पाहिल्याशिवाय अंतराचा हिशेब करू नये.

वाट विचारण्याची वेळ आलीच, तर बेळगाव शहराच्या पश्चिमेला आणि खानापूर भागात मराठीने काम भागते. हुक्केरी, गोकाककडे कन्नडची चार वाक्ये असलेली बरी. ‘एडक्क’ म्हणजे डावीकडे, ‘बलक्क’ म्हणजे उजवीकडे, ‘नेट्टग’ म्हणजे सरळ. शेवटी ‘री’ लावले की बोलणे आदराचे होते. मात्र ‘हा रस्ता संकेश्वरला जातो का’ असे विचारू नये. रस्ता शेवटी जातोच कुठून तरी, आणि भला माणूस ‘हो’ म्हणतो. ‘हे गाव कोणते’, ‘इद याव ऊर्री’, एवढेच विचारावे आणि उत्तर कागदाशी ताडून पाहावे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ मोटारसायकलवर पुढे राहून वाट दाखवील. चालेल का? (एक वाचक, संकेश्वर)

उत्तर : चालणार नाही. वाटेत सोबतच्या वाहनाची मदत घेता येत नाही. ती फक्त कंट्रोलवर घेता येते. भावाला कंट्रोलवर दशम्या घेऊन बोलवावे.

प्रश्न : रात्रीच्या टप्प्यात वाट चुकलो हे ओळखायचे कसे, आणि चुकल्यावर काय करायचे? (एक वाचक, चंदगड)

उत्तर : मी स्वतः कसा चुकलो ते सांगतो. ३०० किलोमीटरच्या एका फेरीत मध्यरात्री आम्ही तिघे होतो. आमचा चौथा सोबती जरा पुढे गेला होता आणि त्याचा मागचा लाल दिवा आम्हाला दिसत होता. त्या दिव्यावर भरवसा ठेवून आम्ही गप्पा मारत चाललो. कागदाकडे कोणी पाहिले नाही आणि मोबाइलची घंटा वाजली ती मी चार्जिंगची समजून घालवली. चार किलोमीटर गेल्यावर तो दिवा साखर कारखान्याच्या फाटकात शिरला. उसाच्या ट्रॉलीला मागे बांधलेला दिवा होता तो. आमचा सोबती केव्हाच बरोबर वळून गेला होता. चार किलोमीटर जायचे, चार यायचे आणि मधली हुज्जत धरून चाळीस मिनिटे गेली.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो : कागदावरचे अंतर उलटून अर्धा किलोमीटर गेला आणि खूण दिसली नाही, तर थांबायचे. पुढे दिसेल म्हणून आणखी दोन किलोमीटर जायचे नाही. आधी यंत्रावरची रेघ पाहावी, मग दगड, मग माणूस. या तिघांपैकी दोघांचे जुळले की निर्णय घ्यावा. परतायचे ठरले तर सुटलेल्या फाट्यापर्यंतच परतावे. आतून जाणारी गाडीवाट नकाशावर कितीही जवळची दिसली तरी उसाच्या फडात ती कुठे संपेल याचा नेम नसतो.

वेळेचा हिशेब थांबल्या जागीच करून घ्यावा. पहिले ६० किलोमीटर संपल्यानंतर, ६०० किलोमीटरपर्यंतचे कंट्रोल ताशी १५ किलोमीटरच्या हिशेबाने बंद होतात. १५० किलोमीटरवरचा कंट्रोल सुटल्यापासून दहा तासांनी बंद होणार. हाताशी किती मिनिटे उरली हे कळले की माणूस उगाच जिवावर उठून उतारावर सायकल सोडत नाही. चुकून कापलेले अंतर ब्रेव्हेत धरले जात नाही, पण मीटर मात्र ते मोजून बसलेला असतो. म्हणून फाट्याला परत आल्यावर मीटरवरचा आणि कागदावरचा आकडा यांतला फरक पेनाने कागदाच्या कोपऱ्यात लिहावा. पुढच्या प्रत्येक वळणाच्या अंतरात तो मिळवायचा आहे.