अमेरिकी विद्यापीठात विद्यार्थी-यश विभागाचे (विद्यार्थ्यांची गळती रोखून त्यांना पदवीपर्यंत नेणाऱ्या विभागाचे) प्रमुखपद मिळवण्यासाठी सुरुवात कोठून करावी?

पहिली पायरी ‘इन्स्टिट्यूशनल रिसर्च’ कार्यालयातील, म्हणजे विद्यापीठाच्या स्वतःच्या आकडेवारीचा अभ्यास करणाऱ्या कार्यालयातील, विश्लेषकाची असू शकते. तेथे प्रवेश, गळती आणि पदवीपूर्ततेची आकडेवारी आयपेड्स या उच्च शिक्षणाची आकडेवारी गोळा करणाऱ्या संघीय यंत्रणेला पाठवावी लागते, आणि त्या काहीशा रुक्ष कामातच विद्यार्थी नेमका कोठे अडखळतो हे दिसू लागते. वरच्या पदांसाठी पीएच.डी. किंवा एड.डी. (शिक्षणशास्त्रातील डॉक्टरेट) सहसा अपेक्षित असते, परंतु ती उच्च शिक्षण याच विषयातील असावी असे नाही. अटलांटातील जॉर्जिया स्टेट विद्यापीठात हे काम उभे करणारे टिमोथी रेनिक मूळचे धर्म-अभ्यासाचे प्राध्यापक आहेत. तेथे २०११ पासून, शुल्काच्या किरकोळ थकबाकीमुळे नाव कमी होण्याची वेळ आलेल्या विद्यार्थ्यांना छोटी अनुदाने मिळू लागली. २०१२ मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याबाबत ८०० हून अधिक धोक्याच्या खुणांवर नजर ठेवणारी संगणकीय व्यवस्था सुरू झाली, परंतु तिच्या जोडीला शैक्षणिक सल्लागारांची मोठी भरतीही करावी लागली, ही गोष्ट सॉफ्टवेअर विकणारे सहसा ठळकपणे सांगत नाहीत. म्हणून केवळ सांख्यिकीवर विसंबू नये. नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत सल्लागार, शुल्क-विभाग आणि निबंधक कार्यालय यांच्यासोबत प्रत्यक्ष काम करण्याची संधी मागून घ्यावी, असे माझे मत आहे.